‘जगभर एकच कायदा करा’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की जगभर कॉपीराइटचा एकच कायदा झाला तर ऑनलाइन धंदा करणाऱ्याचं भलंच होणार, मी उगाच त्यात खोट काढतोय, आणि लेखकाच्या पोटाचा विचारच करत नाही. पोटाचं नंतर सांगतो. माझा सगळा आक्षेप मुदतीवर आहे.

साने गुरुजींचंच घ्या. ते गेले १९५० ला. आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०११ पासून त्यांचं लिखाण सगळ्यांचं. राजारामपुरीत मागच्या खोलीत खिडकीला घोंगडं लावून, रस्ता शांत झाला की रात्री अकरानंतर वहिनी वाचतात आणि मी रेकॉर्ड करतो, एकेक प्रकरण धड व्हायला दोन-तीन रात्री जातात. हे ऑडिओबुक जर्मनीतला भाचा घेऊ शकतो, कारण युरोपात मुदत ७० असली तरी आपल्या लेखकाची आपल्याकडं संपली की तिथंही संपली असं धरतात. पण न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला विकता येत नाही. तिकडं १९४० ला छापलेल्या अशा पुस्तकाला छापल्यापासून ९५ वर्षं, म्हणजे २०३५ संपेपर्यंत थांबा! अपलोड करताना अमेरिकेवरची टिक मी स्वतःच्या हातानं काढतो, आणि विचारणा सगळ्यात जास्त तिकडूनच येते.

मग एकच कायदा पायजेच की, असं तुम्ही म्हणाल. होय, कटकट कमी होईल, मान्य. पण कुणाची मुदत धरायची? युरोपनं १९९३ ला मुदत सारखी करायची ठरवली तेव्हा बऱ्याच देशांत ५० वर्षं होती, जर्मनीत ७०, तर सगळ्यांना ७० वर नेलं आणि इंग्लंडात मोकळी झालेली पुस्तकं परत हक्कात गेली. आपणही १९९२ ला ५० चे ६० केले, टागोरांचे हक्क संपत आले होते म्हणून. सारखं करताना मुदत खाली आलेली मी तरी बघितली नाही. उद्या आपल्याकडं ७० झाले तर १९६० ला गेलेला लेखक, जो २०२१ ला मोकळा झालाय, तो २०३० पर्यंत परत कुलपात जाऊ शकतो, आणि त्याच्यावर घालवलेल्या आमच्या रात्री पण.

आता पोटाचं. हयात लेखकाचं एक पानसुद्धा मी सही आणि पैसे झाल्याशिवाय वाचून घेतलेलं नाही. १९७० नंतर गेलेल्या एका लेखकाच्या वारसांना शोधत, पैसे द्यायची तयारी ठेवून, गारगोटीला दोनदा जाऊन आलोय. घराला कुलूप, शेजारी म्हणाले पुण्याला गेले, पत्ता कुणाकडं नाही. पुस्तकाची एकच प्रत माझ्याकडं आहे, कडेनं वाळवी लागलेली. अजून दहा वर्षं वाढवून ह्यात कुणाच्या पोटात काय पडणार, ते सांगा मला.