‘३ वर्षं गप्प बसा’ हा सल्ला घेऊ नका

नाशिकच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘क्रेडिट कार्डाचं कर्ज विनातारण असतं. बिल भरलं नाही तरी बँक काही करू शकत नाही. जेल नाही, जप्ती नाही. सिमकार्ड बदला, कोर्टाचं पाकीट आलं तर घेऊ नका, ३ वर्षांनी कर्ज आपोआप रद्द. फारच झालं तर लोकअदालतीत निम्मं माफ.’ मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं चालवतो. हा सल्ला ऐकलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

‘जेल नाही’ हे बरंचसं खरं आहे. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला. फसवणुकीचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८, लागायचं तर सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा दिसावा लागतो. नोकरी गेली, आजारपण आलं, हप्ते थकले, याला फसवणूक म्हणत नाहीत. ‘उद्या पोलीस घरी येतील’ असं सांगणारा वसुली एजंट खोटं बोलतो. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मात्र तडजोडीच्या हप्त्यांचे चेक देताना खात्यात पैसे राहतील याची खात्री करा. चेक परत गेला आणि नोटिशीनंतर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ लागतं. तिथे २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

‘जप्ती नाही, पाकीट घेऊ नका’ हे तर साफ खोटं, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं.

मागच्या पावसाळ्यात सातपूरच्या एका कारखान्यातले सुपरवायझर आले. पिशवीतून लाइटबिलांचा गठ्ठा काढला. त्यात दुमडलेलं कोर्टाचं समन्स होतं, सात महिन्यांपूर्वीचं. बँकेने समरी दावा, म्हणजे झटपट निकालाचा दावा, लावला होता. अशा दाव्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी लावावी लागते. नाही लावली, तर बँकेचं म्हणणं कबूल धरून हुकूमनामा, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा निकाल, होतो. तसा तो झाला, आणि दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जावर, कंपनीला पगारजप्तीचा आदेश गेला. त्यांचा पगार ३१,००० रुपये. कायद्याने पहिले १,००० आणि उरलेल्यातले दोनतृतीयांश सोडायचे, म्हणजे महिन्याला १०,००० कापले जाणार. अशी कपात २४ महिन्यांपर्यंत चालू शकते. घरी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. पगार कमी जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा पत्नीला कळलं.

मला वाईट याचं वाटलं की त्यांच्याकडे बचाव होता. न भरलेल्या शुल्कावर व्याज चढवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, आणि त्यांच्या स्टेटमेंटमध्ये ते चढवलेलं होतं. वेळेत आले असते तर हा मुद्दा मांडून बचावाची परवानगी मागता आली असती. आता हुकूमनामा रद्द करून घ्यायला खास कारण लागतं, आणि ‘पाकीट उघडलंच नाही’ हे कारण टिकत नाही. नाकारलेलं समन्सही बजावलं गेलं असंच धरतात.

सगळंच जप्त होतं असंही नाही. मजुराची मजुरी, कारागिराची हत्यारं, प्रॉव्हिडंट फंड यांना हात लागत नाही. पण त्याच बँकेत तुमचं खातं असेल, तर करारातल्या अटीनुसार बँक त्यातून थकबाकी परस्पर वळती करू शकते.

३ वर्षांचं म्हणाल तर ती मुदत बँकेने दावा लावण्याची आहे. त्या मुदतीत दावा लागला की तुमच्या गप्प बसण्याला काही अर्थ उरत नाही, आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी पुढे १२ वर्षं मागता येते. मुदत संपण्याआधी ‘भरतो, वेळ द्या’ असं सही करून दिलंत तर ३ वर्षं नव्याने मोजतात. मधल्या काळात बऱ्याच कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांनी, व्याज चढत राहतं. कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

लोकअदालतीत निम्मं माफ करायचा कुठलाही नियम नाही. तिथे दोन्ही बाजू राजी असतील तेवढंच होतं. सही केलीत की तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. म्हणून आकडा आणि हप्ते झेपतील तरच सही करा, आणि बाहेर तडजोड करत असाल तर बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलं) असा शेरा काही वर्षं राहतो, हेही धरून चाला.

वकिलाची फी परवडत नसेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. समन्स ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख त्याच्यावर पेनाने लिहा, आणि येताना पाकीटही घेऊन या. १० दिवस तिथूनच मोजायचे असतात.