तुमच्या गोळीच्या जागी वाकामे नको

‘जपानी लोक रोज समुद्री शेवाळ खातात, म्हणून त्यांना बीपी नाही. गोळ्या सोडा, शेवाळाची कॅप्सूल घ्या.’ घरच्या ग्रुपवर हा वाद पुन्हा पेटलाय, आणि जपानात बसून तो वाचताना संताप होतो. वाकामे हे समुद्री शेवाळ मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपच्या, वाटीत असतं. त्याच वाटीत सव्वा-दीड ग्रॅम मीठही असतं. जपानच्या उत्तरेकडचा अकिता प्रांत एकेकाळी पक्षाघाताच्या मृत्यूंसाठी कुप्रसिद्ध होता. शेवाळ तिथेही खात होतेच. परिस्थिती सुधारली ती मीठ कमी करून, रक्तदाब मोजून आणि औषधं देऊन.

शेवाळात काहीच नाही, असं मी म्हणत नाही. वाकामे आणि नोरी या शेवाळांच्या प्रथिनांपासून मिळणारी पेप्टाइड्स, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, रक्तदाब वाढवणाऱ्या एसीई या विकराला (एन्झाइमला) अडवतात. रामिप्रिल ही रक्तदाबाची गोळीही तेच करते. फरक ताकदीचा. प्रयोगशाळेत अशा औषधांची नॅनोमोलमधली सूक्ष्म मात्रा पुरते, पेप्टाइडची बहुधा मायक्रोमोलमधली लागते, म्हणजे हजारपट. शिवाय पचताना त्यातली बरीच तुटतात. जपानच्या १९९१ पासूनच्या तोकुहो व्यवस्थेत, म्हणजे आरोग्यदायी खाद्यपदार्थांना सरकारी मंजुरी देणाऱ्या व्यवस्थेत, अशा उत्पादनांवर ‘रक्तदाब किंचित जास्त असलेल्यांसाठी’ एवढंच लिहिता येतं. आपल्या कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनंही शेवाळापासून रक्तदाबासाठी अर्क तयार केलाय. मला त्याचा अभिमान आहे, पण तोही पूरकच आहे.

खरी भीती कोंबू या जाड शेवाळाच्या पावडरीची. वाळलेल्या एका ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन असू शकतं. प्रौढाची गरज दिवसाला १५०. इथल्या मिठात आयोडीन घालत नाहीत, आपल्या मिठात ते आधीच असतं. एवढा भार पडला की थायरॉइड बिघडू शकतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी रक्तदाबाचं औषध चालू असेल, किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर शेवाळातलं पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. हिजिकी हे काळं शेवाळ तर टाळाच, त्यात असेंद्रिय आर्सेनिक असतं.

इथे मी परदेशीच राहणार, आणि तिकडे ‘तू जपानात आहेस, सांग ना’ म्हणून माझाच दाखला मागतात. दोन्हीकडे थोडं उपरं वाटतं, तरी हा दाखला मी देणार नाही.

सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवी करून, गोळी आणि नाश्त्याआधी, एक-दोन मिनिटं शांत बसून दोनदा रक्तदाब मोजा. आठवड्याची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती वही डॉक्टरांना दाखवा. शेवाळ घेत असाल तर तेही सांगा, आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.