‘चार महिने खेळायचं आणि पगार पुरुषांइतका मागायचा’: डब्ल्यूएनबीएबद्दलच्या दाव्याचा हिशेब

19 जुलै 2025 रोजी इंडियानापोलिसच्या ऑल-स्टार सामन्याआधी डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू ‘आमचं जे देणं लागता ते द्या’ अशा अर्थाचा मजकूर छापलेले काळे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या. तेव्हापासून एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचं सार असं: यांना पुरुषांइतका पगार हवा आहे, काम वर्षातून चार महिनेच आहे, लीग तोट्यात आहे आणि परवडत नसेल तर यांनी परदेशात खेळावं. एकेक मुद्दा घेऊ.

पुरुषांइतका पगार. ही मागणी कुणी केलेलीच नाही. मागणी उत्पन्नातल्या वाट्याची होती. एनबीएत, म्हणजे पुरुषांच्या लीगमध्ये, बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण अर्धा हिस्सा खेळाडूंना मिळतो. डब्ल्यूएनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2020 च्या सामूहिक करारात मात्र पगार वर्षाला 3 टक्क्यांनी वाढणार, एवढंच पक्कं होतं. उत्पन्न ठरलेल्या लक्ष्याच्या वर गेलं, तरच वरच्या रकमेत वाटा. शिवाय ही लक्ष्यं वर्षागणिक साठत जाणारी होती. 2020 चा हंगाम कोविडमुळे फ्लोरिडात प्रेक्षकांविना, प्रत्येक संघाला 22 सामने देऊन उरकावा लागला, आणि त्या वर्षीची तूट पुढच्या वर्षांच्या माथी आली. दुसरीकडे जुलै 2024 मध्ये लीगने प्रक्षेपण हक्क 11 वर्षांसाठी सुमारे 220 कोटी डॉलर्सना विकले. भांडण या दोन गोष्टींमधल्या दरीचं होतं.

लीगची लोकप्रिय खेळाडू कॅटलिन क्लार्क हिचा पहिला करार पाहिला की हे स्पष्ट होतं. 2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवोदितांची निवड करतात त्या कार्यक्रमात, ती पहिली निवडली गेली. पहिल्या वर्षी 76,535 डॉलर्स, म्हणजे तेव्हाच्या दराने 64 लाख रुपयांच्या आसपास. चौथ्या वर्षी 97,582. चार वर्षांचे मिळून 3,38,056. त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतल्या खेळाडूचा पहिल्या वर्षीचा पगार 64,154 डॉलर्स. पहिली आणि शेवटची यांच्यात 12,381 डॉलर्सचा फरक! तिच्यामुळे स्टेडियम भरली, तरी हे आकडे हलले नाहीत, कारण नवोदितांच्या पगाराचा तक्ता आधीच ठरलेला होता.

वरच्या टोकालाही दार बंदच. 2025 मध्ये एका संघाच्या सगळ्या पगारांची मिळून मर्यादा 15,07,100 डॉलर्स होती आणि नेहमीच्या करारांसाठी ती ओलांडता येत नव्हती. एका खेळाडूचा सर्वाधिक पगार 2,49,244. असे दोन करार केले की उरतात सुमारे 10 लाख 8 हजार, आणि त्यात किमान नऊ जणी बसवायच्या. म्हणून अनेक संघ बाराऐवजी अकराच खेळाडू ठेवत. मग दोघी-तिघी जखमी झाल्या की उपलब्ध खेळाडू दहाच्या खाली येत, आणि आणीबाणीच्या तात्पुरत्या करारावर कुणाला तरी बोलवावं लागे. जखमी खेळाडू परतली की ती तात्पुरती खेळाडू पुन्हा घरी. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे जागा पक्की, हाही गैरसमजच. 2024 मध्ये 36 जणी निवडल्या गेल्या आणि बारा संघांत मिळून जागा होत्या जास्तीत जास्त 144, त्यांतल्या बहुतेक जागांवर आधीच कुणीतरी होतं. सराव शिबिरातच बऱ्याच जणींना नारळ मिळतो.

चार महिन्यांचं काम. 2025 ची सराव शिबिरं एप्रिलअखेर सुरू झाली, अंतिम मालिका 10 ऑक्टोबरला संपली. साखळीतच प्रत्येक संघाला 44 सामने होते. नवोदितांना तर श्वास घ्यायलाही वेळ नसतो. क्लार्कचा शेवटचा कॉलेज सामना 7 एप्रिल 2024 ला झाला, ड्राफ्ट 15 तारखेला, शिबिर महिनाअखेरीस आणि पहिला व्यावसायिक सामना 14 मे रोजी.

लीग तोट्यात आहे. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. लीगला दर वर्षी सरासरी एक कोटी डॉलर्सहून जास्त तोटा झाल्याचं एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी 2018 मध्ये स्वतः सांगितलं होतं. पण 2023 मध्ये नव्या संघासाठी प्रवेश शुल्क 5 कोटी डॉलर्स होतं. 2025 मध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फियासाठी ते प्रत्येकी 25 कोटी ठरलं. शुल्क म्हणजे नफा नव्हे, हे खरंच. तरीही लीगला भवितव्य नाही असं वाटणारा गुंतवणूकदार पाचपट किंमत मोजत नाही.

परदेशात खेळा. पिढ्यानपिढ्या त्या तेच करत आल्या. 2015 मध्ये लीगची स्टार खेळाडू डायना टॉरासी हिने अमेरिकेतला हंगाम सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने विश्रांती घेण्यासाठीच डब्ल्यूएनबीएतल्या पगाराहून जास्त पैसे दिले. किंमतही मोजावी लागली: एप्रिल 2019 मध्ये युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दुसरी स्टार खेळाडू ब्रियाना स्टुअर्ट हिचा टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला आणि डब्ल्यूएनबीएचा तो अख्खा हंगाम गेला. वर 2020 च्या करारानेच ही वाट अरुंद केली. दोन वर्षांहून जास्त अनुभव असलेली खेळाडू 2023 मध्ये शिबिराला उशिरा आली, तर दिवसाला मूळ पगाराच्या एक टक्का दंड. 2024 पासून शिबिराचा पहिला दिवस किंवा 1 मे, यांतली नंतरची तारीख चुकली की पूर्ण हंगामासाठी निलंबन. युरोपातल्या काही लीगचे निर्णायक सामने मे महिन्यातच असतात.

म्हणून स्टुअर्ट आणि डब्ल्यूएनबीएचीच खेळाडू नफीसा कोलिअर यांनी जानेवारी 2025 मध्ये मायामीजवळ तिघी विरुद्ध तिघी अशी ‘अनरायव्हल्ड’ लीग सुरू केली. ती मार्चमध्ये संपते, त्यामुळे शिबिराची तारीख आड येत नाही. पहिल्या हंगामात 36 जणी होत्या आणि सरासरी पगार 2,20,000 डॉलर्सच्या वर. दोन महिन्यांत त्यांतल्या बहुतेकींनी डब्ल्यूएनबीएच्या पूर्ण हंगामाहून जास्त कमावलं.