हातोड्याची तपासणी अंधारात करा

बसमधला काच फोडायचा हातोडा दिवसा तपासून काही उपयोग नाही. ती तपासणी रात्री, सगळे दिवे घालवून आणि बर्थचे पडदे ओढून व्हायला हवी. एवढं एकच सांगण्यासाठी ही लांबलचक पोस्ट लिहितेय. नागपूर-पुणे, यवतमाळ-मुंबई, लातूर-पुणे अशा मार्गांवर तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी स्लीपरने जात असेल, तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

१ जुलै २०२३. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस रात्री दीडच्या सुमारास उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर आडवी झाली होती, म्हणजे दार जमिनीखाली दाबलं गेलं. जे थोडे वाचले त्यांच्यातले काही काच फोडून बाहेर आले. त्याच्या आधी ८ ऑक्टोबर २०२२ ला यवतमाळहून मुंबईला निघालेली बस नाशिकमध्ये पहाटे पाचच्या सुमारास धडकून पेटली, १२ जण गेले. आम्ही यवतमाळचे. त्या सकाळी ओळखीतल्या प्रत्येक घरातून फोन फिरत होते, 'तुमचं कुणी होतं का?' आणि २४ ऑक्टोबर २०२५ ला कर्नूलजवळ हैदराबाद-बंगळूर बस पहाटे तीनच्या आसपास पेटली, तिथंही काही जणांनी खिडक्या फोडून जीव वाचवला.

वेळा बघा. दीड, पाच, तीन. स्लीपर बस रात्रीच चालते, माणसं झोपलेली असतात आणि आतले दिवे बंद असतात. टक्कर झाली की वायरिंग तुटतं, मग चालू असलेला दिवाही जातो. तरीही आपला सगळा विचार प्रवासी जागा आहे, उजेड आहे आणि खिडकीवरचा स्टिकर वाचता येतोय असं धरून चाललेला असतो.

हातोडा कसा असतो ते बहुतेकांनी पाहिलंय. लाल प्लास्टिकचा दांडा, डोक्याला दोन्हीकडे पोलादी टोक, आणि तो अडकवायला तशीच लाल क्लिप. लाल रंग धोक्याचा म्हणून निवडलेला, उजेडात तो चटकन दिसतो हे खरं. पण अंधारात आपला डोळा वेगळ्या पेशींनी बघतो. उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी काम करतात, अंधारात दुसऱ्या, आणि या दुसऱ्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. अंधुक उजेडात लाल वस्तू काळी होते आणि हिरवट-निळसर वस्तू उठून दिसते. हे पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. संध्याकाळी बागेत जास्वंद आधी काळवंडते आणि पानं नंतरही दिसत राहतात, ते यामुळेच. म्हणजे जी वस्तू अंधारात शोधायची, तिला आपण नेमका अंधारात हरवणारा रंग दिलाय.

मागच्या काही प्रवासांत मी मुद्दाम बघत आले. एका बसमध्ये माझ्या अप्पर बर्थच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात हातोडा होता, पडद्याच्या रॉडच्या मागे. उशीवर डोकं ठेवून झोपलं की तो पायांच्या बाजूला येतो, म्हणजे उठून, वळून, पडदा बाजूला करून मग हात पोचणार. शिवाय क्लिपला तो केबल टायने आवळून बांधलेला. नुसत्या हाताने ओढून मी बघितलं, निघेना. दुसऱ्या एका बसमध्ये क्लिप होती आणि हातोडा नव्हता. क्लीनरला विचारलं तर म्हणाला, "ताई, लोकं काढून नेतात ना, म्हणून पुढं केबिनमध्ये ठेवलेत." त्याचंही खोटं नाही, लोक नेतात. पण आग लागल्यावर मागच्या बर्थवरच्या माणसाने केबिनपर्यंत जायचं कसं?

उलटलेल्या बसमध्ये दिशाच कळत नाही, याचा विचार फारसा कुणी करत नाही. बस आडवी झाली की एका बाजूच्या खिडक्या जमिनीला लागतात आणि दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर जातात. गाद्या, बॅगा, माणसं सगळं एकमेकांवर. 'माझ्या उजव्या हाताला हातोडा आहे' हे पाठ करून ठेवलेलं तिथं चालत नाही, कारण उजवा हात आता कुठल्या बाजूला आहे हेच समजत नाही. अशा वेळी स्वतःहून चमकणारी एखादी खूण असेल तरच डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. ती खूण हातोड्यासोबतच खिडकीही दाखवते, आणि वर कुठलं, खाली कुठलं तेही कळतं.

ही खूण बनवणं काही अवघड नाही. रेडियमच्या दुकानात दोन तऱ्हेच्या पट्ट्या मिळतात आणि इथंच सगळा घोळ होतो. ट्रकच्या मागे लावतात ती पट्टी तिच्यावर उजेड पडला तरच चमकते. हेडलाइट नाही, टॉर्च नाही, तर ती मेलेली. बसच्या आत हातोड्याजवळ अशी पट्टी लावून 'आम्ही रेडियम लावलंय' म्हणणारे आहेत, त्याचा उपयोग शून्य. दुसरी पट्टी उजेड साठवते आणि अंधारात स्वतः हिरवी चमकते. आपल्याला ती हवी. तिच्यातही जुन्या झिंक सल्फाइडची खेळण्यातली चांदण्यांची पट्टी लवकर विझते. १९९० च्या दशकात जपानमध्ये स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा माल निघाला, तो सुरुवातीला खूप तेजाळ असतो, मग मंद होत जातो, तरी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कित्येक तास दिसतो. आणि त्याचा हिरवा रंग अंधारातल्या डोळ्याला जवळजवळ सगळ्यात सोपा. दहाला दिवे बंद झाले तर दीडला ती खूण दिसली पाहिजे, तेव्हा चांगल्या प्रतीचाच माल घ्यायला लागेल. पट्टी पडद्याआड लपवून चालणार नाही, बर्थमधल्या वाचायच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडला पाहिजे. नाहीतर ती साठवणार काय?

आणि ती खाली लावा, गादीच्या पातळीला. धूर वर चढतो. खिडकीच्या वरच्या चौकटीतला हातोडा धुरात सगळ्यात आधी गडप होतो.

हे दुसरीकडे लोक शिकलेत, तेही माणसं गमावून. २ जून १९८३ ला एअर कॅनडाचं विमान आत आग लागल्यामुळे सिनसिनाटीला उतरवलं. उतरलं नीट, पण धुरात वाट न सापडून ४६ पैकी २३ जण आतच दगावले. त्यानंतर अमेरिकेने विमानांत जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे सक्तीचे केले. आज आपण विमानात बसलो की हवाई सुंदरी हात करून दाखवते ती जमिनीवरची दिव्यांची रांग, तिची सुरुवात तिथली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटात वीज गेली आणि माणसं काळ्याकुट्ट, धुराने भरलेल्या जिन्यांतून तासन् तास उतरत राहिली. मग जिन्यांच्या पायऱ्यांना, कठड्यांना चमकणारा रंग लावला गेला. ११ सप्टेंबर २००१ ला त्याच जिन्यांतून उतरून वाचलेल्यांनी त्या खुणांचा उपयोग झाल्याचं सांगितलं. २००४ मध्ये शहराने उंच कार्यालयी इमारतींसाठी कायदाच केला.

आपल्याकडेही बस बांधणीचे नियम आहेत, एआयएस नावाची वाहन मानकं. एआयएस-०५२ हा बस बॉडीचा, एआयएस-११९ हा स्लीपरचा. कागद कमी पडलेत असं मला वाटत नाही. आरटीओत पासिंगला बस जाते ती दिवसाढवळ्या, दारं उघडी, पडदे बाजूला. तिथं हातोडा आहे की नाही एवढंच दिसतं. मी म्हणते, गाडी शेडमध्ये घ्या, दिवे घालवा, पडदे ओढा आणि त्या बसमध्ये कधी न चढलेल्या माणसाला अप्पर बर्थवर झोपवून सांगा, दहा सेकंदांत हातोडा हातात घे. नाही मिळाला तर पासिंग नाही. यात मोजायला कुठलं यंत्रही लागत नाही.

चोरीवरही उपाय आहे. केबल टायच्या जागी झटक्यात तुटणारा बारीक सीलचा दोरा लावा, म्हणजे कुणी काढला तर क्लीनरला कळेल आणि गरजेला अडणार नाही. काही देशांत फोडायचं साधन काचेच्या कोपऱ्यातच पक्कं बसवतात, ते नेताच येत नाही. आपल्या बसवाल्यांनी त्याचा विचार करावा.

हातोडा मिळाल्यावरचंही सांगते, कारण व्हॉट्सअॅपवर याबद्दल भलतंसलतं फिरतं. खिडकीची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर टोकाने कोपऱ्यात, चौकटीच्या जवळ मारायचं. मधोमध मारलं तर काच वाकते आणि मार फुकट जातो. फुटली की साखरेच्या खड्यांसारखे तुकडे होतात. वर फिल्म चिकटवलेली असेल तर ते तुकडे जागेवरच राहतात, पायाने ढकलून द्यायचे. पुढची मोठी काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) असते, तिच्यावर हातोडा चालवत वेळ घालवू नका. कारमध्येही हल्ली काही मॉडेलना बाजूच्या काचा लॅमिनेटेड येतात, काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं एकदा वाचून ठेवा. आणि सीटचं हेडरेस्ट काढता येतं ते उंची बदलण्यासाठी, काच फोडायला दिलंय हे खोटं आहे.

दिवाळीला गावी जाणारे बसमध्ये चढल्यावर मोबाइल चार्जिंगला लावायच्या आधी हातोडा शोधा. टायने बांधलेला असेल तर निघण्यापूर्वीच क्लीनरकडून तो टाय कापून घ्या, हक्काने, आवाज चढवायची गरज नाही. आई-बाबा एकटे येत असतील तर त्यांना फोनवर विचारा, "दिसला का?" चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा पर्समध्ये मावतो, हातोड्याशेजारी चिकटवून त्याच्यावर मोबाइलचा टॉर्च थोडा वेळ धरा आणि उतरताना तिथंच राहू द्या, पुढच्या प्रवाशाला होईल. तिकीट काढलेल्या अॅपवर रिव्ह्यू लिहिताना एसी आणि ब्लँकेटबरोबर 'हातोडा अंधारात दिसला नाही' हेही लिहा. आरटीओत काम करणारं कुणी माझ्या मित्रयादीत असेल, तर अंधारातल्या चाचणीसाठी परिवहन आयुक्तांकडे अर्ज कसा करायचा ते कमेंटमध्ये सांगा. मसुदा मी लिहिते, सह्या आपण सगळे मिळून गोळा करू.