प्राणिसंग्रहालयाची सहकुटुंब सहल : काही अनुभवसिद्ध सूचना

सुट्टी लागली की सांगलीकराला पुण्याला जावेसे वाटते, आणि पुण्याला गेलोच आहोत तर मुलांना वाघ दाखवलाच पाहिजे असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते. त्या न्यायाने आम्हीही गेल्या रविवारी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जाऊन आलो. मोठी माणसे सात, मुले चार, गाडी एक. त्या एका दिवसात जे शहाणपण पदरात पडले ते एकट्याने बाळगणे स्वार्थीपणाचे होईल, म्हणून ज्यांच्या मनात अशी सहल आहे त्यांच्यासाठी या सूचना.

वार शक्यतो बुधवार निवडावा. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असल्यामुळे गर्दी अजिबात नसते.

ते जमणार नसेल तर रविवार आहेच. पहाटे चारला निघायचे ठरवावे आणि साडेसहाला निघावे. पेठ नाक्यावर कोणाला तरी गाडी लागते, कऱ्हाडला चहा होतो, साताऱ्यात कंदी पेढे परतीच्या वाटेवर घ्यायचे की आत्ताच यावर अर्धा तास चर्चा होते, आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून तिकिटाच्या खिडकीशी पोहोचेपर्यंत माथ्यावर ऊन आलेले असते. हीच योग्य वेळ. वाघाचा फिरण्याचा आणि शिकारीचा काळ पहाटेचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा, त्यामुळे भर दुपारी तो सावलीत आडवा झालेला असतो. अशा वेळी आपण तिकीट काढलेले आहे याची त्याला मोठ्याने जाणीव करून द्यावी. आमच्या शेजारचे एक गृहस्थ दहा मिनिटे त्याला ‘उठ की रे’ म्हणून विनवत होते. स्वतः हे गृहस्थ रविवारी दुपारी जेवणानंतर काय करत असतील, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

परिसर सुमारे १३० एकरांचा आहे आणि त्यातले ४२ एकर तलावाचे आहेत. चपला नव्या आणि चावणाऱ्या घालाव्यात.

मुलांच्या ज्ञानात भर घालणे हा सहलीचा मुख्य हेतू असल्यामुळे प्राण्यांसमोरचे माहितीफलक कधीही वाचू नयेत. बापाला फलक वाचताना पाहून मुलांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो. अंगावर ठिपके दिसले की छातीठोकपणे चित्ता म्हणावे. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि २०२२ साली तो नामिबियाहून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडावा लागला, या तपशिलाला आपल्या घरात कोणी विचारत नाही. ज्याला आपण चित्ता म्हणतो तो बिबट्या शिराळा तालुक्यात उसाच्या फडात पिल्ले घालतो आणि ‘बिबट्या आला’ म्हणून आपणच गावभर ओरडतो. पण तो गावाकडचा बिबट्या झाला, तिकीट काढून पाहिलेला चित्ताच असतो.

खाण्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. आपण सांगलीचे आहोत, म्हणजे भडंगाची पिशवी बरोबर असणारच, आणि पाहुण्याला दिल्याशिवाय खायचे नाही हा आपला संस्कार आहे. लसूण, तिखट आणि मीठ लावलेले मुरमुरे माकडाला देण्यासाठीच बनवलेले असतात. हरणांना चिप्स द्यावेत, आणि पाकीट रिकामे झाले की तेही जाळीतून आत सारावे, कारण मिठाची चव त्यालाही लागलेली असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गेलेले प्लॅस्टिक पचत नाही, पुढेही सरकत नाही, साठत जाते आणि भरल्या पोटी ते जनावर उपाशी मरते. पण हे सगळे आपण घरी पोहोचल्यानंतर घडणार असल्यामुळे फोटोत येत नाही. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना छेडणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ३८-जे या कलमाने मनाई आहे. आम्ही मात्र ही चारही कामे पहिल्या तासाभरात आटोपली होती.

आता मगरीकडे येऊ.

मगर पाहताना सर्वप्रथम ती जिवंत आहे की प्लॅस्टरची, याची खात्री करून घ्यावी. ती जबडा उघडा ठेवून तासन्‌तास निश्चल पडते, हे अत्यंत संशयास्पद आहे. थंड रक्ताचा प्राणी अंग तापवण्यासाठी उन्हात पडतो आणि फार तापले की उघड्या जबड्यातून उष्णता बाहेर टाकतो, या सबबीवर विश्वास ठेवू नये. आमचे थोरले साडू आठ-दहा मिनिटे कठड्याला रेलून उभे होते. ‘ही खोटी आहे’ असे त्यांनी एकदा आम्हाला आणि एकदा शेजारच्या अनोळखी कुटुंबाला सांगितले, आणि मग हातातली अर्धी भरलेली पाण्याची बाटली नेम धरून फेकली. ती पाठीवर आपटून घरंगळली. मगरीने एक डोळा उघडला, मिटला. कठड्याशी उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग ज्याच्या हाताला जे लागेल ते आत जाऊ लागले. शेंगा, खडे, आइस्क्रीमच्या काड्या, एका हौशी माणसाने तर एक रुपयाचे नाणे. जणू ते पंढरपूरच्या वाटेवरच्या पुलावरून चंद्रभागेत टाकायचे होते. लांबून शिट्टी वाजत होती. ती दुसऱ्या कोणासाठी तरी असावी, असा सर्वांचा समज होता.

आता हे साडू राहतात कुठे, तर भिलवडीला. कृष्णाकाठी. थंडीच्या दिवसांत औदुंबरपासून खाली नदीच्या दोन्ही काठांवर मगरी उन्हाला येऊन पडतात, हे सांगली जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गेल्या पौषात त्यांच्या मळीच्या खाली अशीच एक मगर दिसली, तर साडू आठ दिवस नदीकाठची मोटर चालू करायला गेले नाहीत. गड्याला पाठवायचे, आणि तोही बिचारा चार फुटी काठी आपटत जायचा. त्या आठ दिवसांत ती मगर खरी की खोटी, हे पाहण्यासाठी साडूंनी तिला बाटली मारून पाहिली नाही. तिथे त्यांना फलकाशिवाय, शिट्टीशिवाय सगळे समजत होते. मग कात्रजला असे काय बदलले? फक्त मध्ये एक कठडा आला.

मला राग आला आहे आणि आता तो सभ्य भाषेत लपवावा असे वाटत नाही. माझी सहा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने आधी विचारले, “बाबा, तिला लागलं का?” मी उत्तर शोधत असताना तिने खाली वाकून एक खडा उचलला, कारण तिचे काका, आत्या, आजूबाजूची सगळी शहाणी माणसे तेच करत होती. मी तिच्या हातातून तो खडा काढून घेतला आणि साडूंना एक शब्दही बोललो नाही. नात्यात कटुता नको, चार माणसांत शोभत नाही, गाडी त्यांची आहे. ही माझी भेकड कारणे. टाळ्या वाजवणाऱ्यांइतकाच मी दोषी आहे, हे मान्य करून मग सांगतो.

तुम्हाला प्राणी पाहायचे नाहीत. तुम्हाला असा कोणीतरी हवा आहे ज्याला मारले तर तो उलटून येऊ शकत नाही. जन्मभर कोंडलेल्या जनावराने तुमच्या सत्तर-ऐंशी रुपयांच्या चिप्ससाठी नाचून दाखवावे अशी अपेक्षा धरता, ते नाचत नाही म्हणून दगड मारता, आणि हे सगळे मुलांच्या देखत करून संध्याकाळी त्यांनाच विचारता की काय काय बघितले. लाज वाटत नाही? एवढीच खात्री करून घ्यायची हौस असेल तर भिलवडीच्या मळीत उतरा आणि तिथे बाटली फेका. तिथे तिकीटही लागत नाही.

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट चढताना साडूंनी बाटलीचा किस्सा तीनदा सांगितला आणि गाडी तिन्ही वेळा हसली. दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय पाहण्याचा बेत त्यांनी तिथेच जाहीर केला. त्या गाडीत आमच्या घरातले कोणीही असणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगायचे राहून गेले, म्हणून इथे लिहून ठेवतो.