वीज पडलेल्या माणसाला हात लावा, तेही लगेच

परतीचा पाऊस सुरू झाला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. मोबाइल बंद ठेवा, रबरी चप्पल घाला, झाडाचा आडोसा घ्या आणि कोणावर वीज पडलीच, तर अंगातली वीज उतरेपर्यंत त्याला शिवू नका. चारही सल्ले चुकीचे आहेत. शेवटचा तर जीवघेणा आहे, म्हणून आधी तोच घेते.

माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. क्षणार्धात ती जमिनीत जाते. मागे उरतो बंद पडलेला श्वास, कधी थांबलेलं हृदय. हृदय पुष्कळदा आपणहून चालू होतं, पण श्वास उशिरा परततो. तेवढ्यात प्राणवायू मिळाला नाही तर हृदय पुन्हा बंद पडतं. ‘वीज उतरायची’ वाट पाहण्यात नेमकी हीच मिनिटं जातात! श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करा, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबा, येत असेल तर दर ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास द्या. एकाच वेळी अनेकजण पडले असतील, तर कण्हणाऱ्यांआधी निपचित पडलेल्यांकडे धावा. कण्हणारा श्वास घेतोय.

झाडाचं म्हणाल, तर शहापूर-मुरबाडकडे भातकापणी ऐन ऑक्टोबरात येते आणि गडगडू लागलं की माणसं बांधावरच्या झाडाखालीच जमतात. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर झेपावते, शिवाय जमिनीतून पसरते. म्हणून एकाच झाडाखाली माणसं आणि गुरं एकदम दगावतात. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलात फिरायला जाणाऱ्यांनाही हेच लागू. पक्कं घर गाठा, नाहीतर काचा लावलेली, पत्र्याच्या टपाची मोटार. रिक्षा चालणार नाही.

रबरी चपलेचा उपयोग शून्य. कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेली वीज बोटभर सोलला अडत नाही. मोटारीत माणूस वाचतो तोही टायरमुळे नव्हे, भोवतीच्या पत्र्यामुळे.

हातातला मोबाइल वीज खेचत नाही. चार्जिंगला लावलेला मात्र वापरू नका. मोबाइल बंद करण्याऐवजी त्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप घ्या, जवळपास वीज पडत असेल तर इशारा मिळतो. सरकारी नोंदीनुसार २०२२ साली देशात विजेने २,८८७ माणसं गेली. तो चुकीच्या सल्ल्यांचा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला, तर पुढे पाठवू नका. त्याखाली एवढं लिहा: गडगडाट ऐकू आला की आत या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा.