'फावड्यानं होतंय की!' या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्रूडच्या (कच्च्या तेलाच्या) टाक्या तुमची पोरं फावडी-बादल्यांनी वर्षानुवर्षं साफ करताहेत, कधी काही झालं नाही, नोझल (दाबानं फवारा मारणारी तोटी), रोबोट हे कंपन्यांचे चोचले, फारच वाटलं तर पाण्याचा जेट मारा, काम फत्ते.

जेटचं आधी घेतो. डिसेंबर १९६९ मध्ये 'मार्पेसा', 'माक्ट्रा' आणि 'कोंग हाकोन सातवा' ही तीन अजस्र तेलवाहू जहाजं टाक्या धुताना स्फोटात सापडली. धूत होते पाण्यानंच! जोरदार फवाऱ्याच्या तुषारांवर स्थिर विद्युतभार साचतो आणि टाकीत तेलाच्या वाफा असल्या की ठिणगी पुरते, हेच सर्वांत संभाव्य कारण मानलं गेलं. जहाजांच्या टाकीत निष्क्रिय (न जळणारा) वायू भरून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम त्यातूनच पुढे आला.

आता फावडं. तळाचा गाळ म्हणजे मेण, वाळू, गंज, पाणी; थिजलेल्या तुपासारखा वरून अगदी शांत. फावडं घातलं की आत अडकलेल्या वाफा आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. सकाळी मॅनहोलपाशी (टाकीत उतरायच्या भोकापाशी) घेतलेलं वायूचं रीडिंग मग तासाभरानं निरुपयोगी. तो वायू हवेपेक्षा जड, आणि फावडं मारणारा वाकलेला. सडक्या अंड्यांचा वास आला की पोरं बाहेर पळतील म्हणता, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, वास येईनासाच होतो.

नोझल बाहेरूनच चालवतात. क्रूडच दाबानं गाळावर मारायचं, गाळ पातळ झाला की पंपानं ओढायचा, त्यातलं तेल वेगळं करून परत घ्यायचं. बादलीनं काढलेला गाळ घातक कचरा, विल्हेवाटीचे पैसे वेगळे. तुमच्या हिशेबात हा खर्चच नाही.

रोबोटबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. हीटिंग कॉइल (तेल तापवायच्या नळ्या) आणि छताच्या खांबांच्या जंगलात तो अडकतो, आणि शेवटचा थर काढायला माणूस उतरवावाच लागतो. पण तोवर गाळाचा ढीग गेलेला असतो, ब्लोअर (हवा खेळवणारा पंखा) चालू असतो, लोखंडी सल्फाइडचा थर ओला ठेवलेला असतो (सुकला की हवेत आपसूक पेटतो).

बाकी, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३६ टाकीत घातक वायू नसल्याचा सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला मागायचं, नाहीतर श्वसनयंत्र आणि बाहेर कुणीतरी टोक धरलेला दोर. ३६-अ प्रमाणे पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर आतला हातदिवासुद्धा २४ व्होल्टच्या वर चालत नसे. तुमच्या टाकीवर तशा दाखल्यावर सही कोण करतं, तेवढं कळवा.